शिक्षकांचा ब्लॉग : कोठार की नोंदवही?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

 

पत्रिकेवर आजचा विषय जरा लांबलचक छापला आहे : 'अध्यापनाचं आणि शिक्षकांच्या स्वतःच्या शिकण्याचं साधन म्हणून ब्लॉग'. त्यातला प्रश्न साधा आहे. शिक्षकानं चारचौघांसमोर लिहिलं, तर त्याचं शिकवणं सुधारतं का? आमचं उत्तर 'हो' असं आहे, पण त्या 'हो'मागे एक भलामोठा 'जर' उभा आहे. आपल्याकडे शिक्षकांचे ब्लॉग भरपूर झाले. त्या 'जर'कडे बघायचं मात्र राहून गेलं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

बोलणं टीकेचं आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण ही टीका शिक्षकांच्या कष्टांवर नाही. दिवसभर शिकवायचं, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, ऑनलाइन माहिती भरायची आणि एवढं करून रात्री स्वतःच्या मोबाइलच्या डेटावर ब्लॉग चालवायचा, हे सोपं काम नव्हे. अशा माणसाबद्दल आम्हांला आदरच आहे. प्रश्न एवढाच आहे की इतकी मेहनत करून शेतात पीक कुठलं आलं?

नावातच सगळं आहे

आधी शब्द बघू. 'वेबलॉग' हा शब्द १९९७ साली वापरात आला आणि पुढे दोनेक वर्षांत त्याचा 'ब्लॉग' झाला. यातला 'लॉग' म्हणजे जहाजावरची नोंदवही. आज वारा कुठून होता, किती अंतर कापलं, काय बिघडलं, हे रोजच्या रोज तारखेनिशी त्यात लिहायचं. पुढच्या कप्तानानं ती वही उघडली की त्याला आधीचा प्रवास कळायचा. १९९९ साली ब्लॉगर ही सेवा सुरू झाली, २००३ साली ती गूगलनं घेतली, आणि त्याच वर्षी वर्डप्रेस आलं. मग युनिकोडमुळे देवनागरीत लिहिणं सोपं झालं आणि ज्याला टाइप करता येतं त्याला फुकटात स्वतःचं प्रकाशन मिळालं.

ब्लॉगमध्ये तीन गोष्टी असतात. पहिली, तारीख. दुसरी, लिहिणाऱ्या एका माणसाचा आवाज. तिसरी, खाली प्रतिसादाची मोकळी जागा. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं बोलणं आपण त्याच कसोटीवर घासून बघणार आहोत.

आता या तीन गोष्टींचा शिक्षकाच्या शिकण्याशी काय संबंध? इंग्लंडमधले अभ्यासक लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५च्या आपल्या पुस्तकात शिक्षकालाच संशोधक मानलं. संशोधन म्हणजे शिस्तीनं केलेला आणि लोकांसमोर मांडलेला शोध, असा त्यांचा एकूण विचार. 'लोकांसमोर मांडलेला' हे शब्द महत्त्वाचे. आपल्याकडे डी.एड., बी.एड.ला कृतिसंशोधन करायला लावतात. त्याचा अहवाल होतो, त्याला छान बांधणी होते, गुण मिळतात आणि तो कपाटात जातो. म्हणजे शोध झाला असेलही, पण लोकांसमोर आला नाही. ब्लॉगनं हे कपाट उघडायला हवं होतं.

कागदावर हे काम आधी झालेलं आहे. जॉन होल्ट हे अमेरिकेतले शिक्षक. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते पाचवीच्या वर्गात बिल हल नावाच्या सहकाऱ्याबरोबर काम करत. एक जण शिकवायचा तेव्हा दुसऱ्याला मुलांकडे बघायला सवड मिळायची. दिवसा बघायचं आणि संध्याकाळी त्याबद्दल सहकाऱ्याला टिपण लिहून पाठवायचं, असा होल्ट यांचा क्रम होता. मुलं उत्तर शोधण्याऐवजी शिक्षकाचा चेहरा कशी वाचतात, उत्तर येत नसताना वेळ कशी मारून नेतात, असं सगळं त्या टिपणांत आहे. १९६४ साली त्यांचं 'हाउ चिल्ड्रन फेल' हे पुस्तक आलं, ते मुख्यतः या तारीखवार टिपणांतूनच. त्याची सुरुवात एका ओळखीच्या वाचकापासून झाली, हे महत्त्वाचं. मुलांना न येणं म्हणजे नेमकं काय असतं, हे त्या वाचकाला सांगता सांगता लिहिणाऱ्यालाच कळत गेलं.

आपल्याकडेही ही वाट अनोळखी नव्हती. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी आधी गुजरातीत आणि नंतर मराठीतही 'शिक्षणपत्रिका' चालवली. बालशिक्षणाचा अनुभव पालक-शिक्षकांसमोर ठेवायचा, हाच तिचा हेतू होता. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न'मधला कल्पित शिक्षक वर्षभराचे प्रयोग सांगतो, त्यात पहिल्या दिवसाची फजितीसुद्धा लपवत नाही. अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' वाचलेल्यांना आम्ही काय म्हणतो आहोत ते लगेच कळेल. मुलं शाळेत आली नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात न्यायची, हा विचार समोरच्या मुलांकडे बघता बघता सुचतो.

आपल्याकडचं पीक

आता आपल्याकडचे शिक्षकांचे ब्लॉग उघडून बघा. वरच्या पट्टीवर शासन निर्णय, परिपत्रकं, प्रश्नपत्रिका, वार्षिक नियोजन, एक्सेल शीट, शाळेचे फलक, सुविचार, दिनविशेष, पगाराचं गणित करून देणारी फाइल. यातलं बरंच उपयोगी आहे. परिपत्रक वेळेवर हाती येत नाही तेव्हा हेच ब्लॉग धावून येतात, ते आम्ही नाकारत नाही. पण हे कोठार झालं. कोठारातून आपण गरजेपुरतं धान्य घेऊन जातो. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही, आणि शिकत तर त्याहून नाही.

कोठारातली सगळ्यांत जास्त उचल कशाची होते? वर्णनात्मक नोंदींची. हे जरा नीट समजून घेऊ, कारण दुखणं इथेच आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. मुलाला काय समजलं आणि ते त्याला वापरता येतं का, हे सतत आणि सर्व अंगांनी बघा, असं त्या कायद्यानं सांगितलं. महाराष्ट्रात त्याच वर्षी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. एका परीक्षेवर मुलाचा निकाल लावू नका, त्याच्याकडे वर्षभर बघत राहा, हा त्यामागचा विचार. आकारिक मूल्यमापनासाठी साधनं आणि तंत्रं दिली, त्यात पहिलं नाव 'दैनंदिन निरीक्षण' असं आहे. मग प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकानं आपल्या शब्दांत नोंद करायची. त्यासाठी रकाने आले : विशेष प्रगती, आवड किंवा छंद, सुधारणा आवश्यक.

विचार उत्तम. आता हिशेब करा. वर्गात ३० मुलं, ७ विषय, २ सत्रं. प्रत्येक ठिकाणी एकच नोंद म्हटली तरी झाल्या ४२०. एका शिक्षकाकडे दोन वर्ग असतील तर ८४०. तपासणीला येणारे साहेब वही उलटवतात ती रकाने भरलेत की नाही हे बघायला. नोंद वाचून 'ही मुलगी कोणती हो? तिच्याशी जरा बोलू या' असं किती जण म्हणतात, तुम्हीच आठवून बघा.

मग काय झालं? तयार नोंदींच्या याद्या आल्या. इयत्तावार, विषयवार, पीडीएफमध्ये. कविता चालीवर म्हणतो, गटकार्यात भाग घेतो, जोडाक्षरांचा सराव हवा, अशा धाटणीची वाक्यं. यादीतून उचलायची आणि मुलांच्या नावांपुढे वाटत जायचं. ज्यानं ती यादी केली त्यानं आपलं मूल कधी पाहिलेलं नाही, आणि ज्यानं मूल पाहिलं त्यानं नोंद केलेली नाही. पालघरची मुलगी आणि लातूरचा मुलगा यांच्या प्रगतीपत्रकावर एकच वाक्य उमटतं. पुढच्या वर्षीच्या शिक्षकानं ते वाचलं तर त्याच्या हाती काय लागणार?

यात दोष फक्त उतरवून घेणाऱ्या शिक्षकाचा, असं म्हणणं सोपं आहे आणि अन्यायाचंही आहे. ४२० चौकोन भरून मागायचे आणि प्रत्येकात जिवंत निरीक्षणाची अपेक्षा धरायची, ही मागणीच खोटं बोलायला लावणारी आहे. पण याचा अर्थ ब्लॉगचालक सुटला असा होत नाही. ज्या साधनाचं नावच मुळी नोंदवही, त्याच साधनानं नोंद करायची गरज संपवून टाकली. याहून मोठा विरोधाभास आम्हांला तरी दिसत नाही.

आपली कसोटी लावून बघू. तारीख? तयार नोंदीला तारीख नसते, ती कुठल्याही महिन्यात चालते. आवाज? कुणाचाच नाही. प्रतिसाद? खाली बहुतेक वेळा 'धन्यवाद सर', 'खूप उपयुक्त', 'पाचवीचं पण टाका ना'. तिन्ही गोष्टी गेल्या, मागे उरला तो साचा.

आणि साचा का फोफावला? वरच्या कोपऱ्यात वाचकसंख्येचा आकडा असतो. प्रश्नपत्रिका टाकली की आकडा उडी मारतो. 'आज अपूर्णांक शिकवताना माझं काहीतरी चुकलं, कळत नाही काय' असं लिहिलं तर दहा जण वाचतात. बाजारात जे खपतं तेच दुकानदार ठेवतो. त्यात नवल काय?

एका वादात काय नव्हतं

'तुम्ही म्हणता तसल्या नोंदींनी असा काय मोठा फरक पडणार आहे?' असं कुणी विचारेल. एक उदाहरण देतो. २०१९ सालचं आहे, तुम्हांला आठवत असेल.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात संख्यावाचनाची वेगळी रीत आली. 'एकवीस, बावीस' याच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन'. त्यामागे कारण होतं. मराठीत आपण आधी एकक बोलतो, मग दशक. पंचवीस : आधी पाच, मग वीस. लिहिताना मात्र आधी २, मग ५. शिक्षक 'त्रेपन्न' म्हणतात आणि मूल ३५ लिहितं, हे पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या कुणालाही नवीन नाही. त्यात 'एकोणसाठ'सारखी गंमत. संख्या पन्नाशीतली, नाव साठाचं! आणि 'सदुसष्ट', 'अठ्ठ्याहत्तर' अशी जोडाक्षरं. मंगला नारळीकर यांनी गणित समितीच्या वतीनं ही बाजू शांतपणे समजावून सांगितली.

पण तोवर वादळ उठलं होतं. वर्तमानपत्रं, समाजमाध्यमं, थेट विधानसभेपर्यंत. कुणी थट्टा केली, कुणी मराठी बुडाली म्हणालं, कुणी इंग्रजीचं आक्रमण म्हणालं. दुसऱ्या बाजूनं मुलांना सोपं जाईल असं सांगितलं गेलं. दोन्हीकडे मतं होती, जिव्हाळाही होता.

मात्र काही प्रश्न असे होते की त्यांची उत्तरं मतांत सापडणारी नव्हती. मुलं नेमक्या कोणत्या संख्या उलट्या लिहितात? सगळीच मुलं, की थोडी? जूनमध्ये होणारी ही चूक जानेवारीपर्यंत आपोआप जाते का? घरी गोंडी, पावरी, भिली बोलणाऱ्या मुलांचं काय होतं? 'पन्नास तीन' शिकलेलं मूल दुकानात 'त्रेपन्न रुपये' ऐकल्यावर अडतं का? यांची उत्तरं रोज हजारो वर्गांत फळ्यावर आणि पाटीवर उमटत होती, आणि दुपारी पुसली जात होती.

समजा, पन्नास शिक्षकांनी त्याआधीची तीन-चार वर्षं आपल्या ब्लॉगवर तारीखवार लिहिलेलं असतं. 'आज १८ मुलांना दहा संख्या सांगून लिहायला दिल्या. सात जणांनी त्रेपन्नचे पस्तीस केले. त्याच सात जणांनी वीसच्या घरातल्या संख्या मात्र बरोबर लिहिल्या. असं का?' एवढंच. खाली दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणीतरी लिहिलेलं असतं, 'आमच्याकडे उलट झालं.' अशा दोनशे नोंदी जमल्या असत्या, तर वादाला बसायला पाट मिळाला असता. समितीला आधार मिळाला असता, विरोध करणाऱ्यांनाही. आमच्या पाहण्यात तरी त्या चर्चेत वर्गांतल्या अशा नोंदी कुणी पुढे केल्या नाहीत. मुलांबद्दलच्या एवढ्या मोठ्या निर्णयावर आपण सगळे बोललो, आणि ज्यांच्या डोळ्यांसमोर ते रोज घडत होतं त्यांचं निरीक्षण कागदावर नव्हतंच. शिक्षकाचं मत नाटकातल्या पात्राच्या मतासारखं ऐकून सोडून दिलं जातं ते यामुळे. डॉक्टरकडे रुग्णाचा केसपेपर असतो, वकिलाकडे दप्तर असतं. शिक्षकाकडे काय असतं? उतरवलेल्या नोंदी.

व्यावसायिक शिकणं म्हणतात ते हेच. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये दोन दिवस बसून चहा-बिस्किटांबरोबर मिळतं, ते फार तर त्याची सुरुवात.

मुलांनी लिहिलं तर?

आता शिकवण्याच्या साधनाकडे येऊ. मुलांनी लिहिलेलं खऱ्या वाचकापर्यंत पोहोचलं तर काय होतं?

फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचे खेड्यातले प्राथमिक शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेली, फार वेळ मोठ्यानं बोलता येत नसे. १९२०च्या दशकात त्यांनी वर्गात लहानसं छापखान्याचं यंत्र आणलं. मुलांनी आपल्या मनानं लिहायचं, वर्गानं त्यातला मजकूर निवडायचा, मिळून दुरुस्त करायचा, स्वतः खिळे जुळवून छापायचा आणि दूरच्या दुसऱ्या शाळेला टपालानं पाठवायचा. तिकडून तिथल्या मुलांचं लेखन यायचं. शुद्धलेखन करायचं कशासाठी? तर पलीकडच्या मुलांना नीट वाचता यावं म्हणून. निबंधाच्या वहीत हे कारणच नसतं. 'माझा आवडता प्राणी' कुणासाठी लिहायचा? बाईंसाठी, आणि बाईंना तो पाठ असतो.

अगदी अलीकडचं उदाहरण स्कॉटलंडचं. २०१२ साली मार्था पेन नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीनं, लेखनाचा उपक्रम म्हणून, वडिलांच्या मदतीनं 'नेव्हरसेकंड्स' हा ब्लॉग सुरू केला. रोजच्या शाळेतल्या जेवणाचा फोटो आणि त्याला गुण. चव कशी, किती घास झाले, तब्येतीला कसं, आणि जेवणात केस किती सापडले! वाचक वाढत गेले, देशोदेशीची मुलं आपापल्या जेवणाचे फोटो पाठवू लागली. जूनमध्ये तिथल्या स्थानिक प्रशासनानं तिला शाळेत फोटो काढायला बंदी केली. एवढी ओरड झाली की दुसऱ्याच दिवशी बंदी मागे घ्यावी लागली. तिच्या ब्लॉगमधून शाळकरी मुलांच्या जेवणासाठी काम करणाऱ्या संस्थेला एक लाख पौंडांहून अधिक मदत गोळा झाली आणि मलावी देशात स्वयंपाकघर उभं राहिलं.

या गोष्टीतली मदतीची रक्कम लोकांना आठवते. आम्हांला त्यातली गुण देण्याची पद्धत जास्त मोलाची वाटते. रोज तीच मोजपट्टी, रोज तारीख, समोर दिसतं तेवढंच लिहायचं. नऊ वर्षांच्या मुलीनं निरीक्षणाची शिस्त पाळली. आपल्याकडच्या किती शाळांच्या ब्लॉगवर मुलांनी स्वतः लिहिलेली, बाईंनी 'सुधारून गोड' न केलेली दहा वाक्यं सापडतील? फोटो पुष्कळ सापडतात. पाहुण्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन, वृक्षारोपण, गणवेशवाटप. त्यात मुलं असतात, पण रांगेत.

इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. मुलाचं नाव, चेहरा, जात, घरची परिस्थिती किंवा आजार ब्लॉगवर टाकायचा अधिकार शिक्षकाला नाही. २०२३च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर दिला आहे. पण कायदा नसता तरी शहाणपण हेच सांगतं. चूक लिहावी, मूल झाकावं. 'एका मुलीनं त्रेपन्नचे पस्तीस केले' एवढ्यानं सगळं शिकायला मिळतं, तिचं नाव कळून कुणाचं काही भलं होत नाही. उद्या ती मोठी होईल आणि गावातलं कुणीतरी तिचं नाव शोधेल, हे विसरू नका.

भीतीचं काय करायचं?

आता सगळ्यांत अवघड भाग. शिक्षक खरी नोंद लिहीत का नाहीत? वेळ नाही हे एक कारण आहेच. पण त्याहून मोठं कारण भीती हे आहे.

जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७चे वर्तणूक नियम लागू आहेत. सरकारी धोरणावर जाहीर टीका करणं त्यात बसत नाही. वर्गातल्या अडचणीबद्दल लिहिणं म्हणजे धोरणावर टीका नव्हे, हे तुम्हांआम्हांला कळतं, पण ती रेघ ओढणार कोण? २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे, हा त्याचा आग्रह योग्यच होता. पण एकदा शाळा 'प्रगत' म्हणून जाहीर झाली की मग 'माझ्या वर्गातल्या नऊ मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही' असं कोण लिहील? ५२ मधून २७ वजा करताना मूल ७ मधून २ काढतं आणि उत्तर ३५ लिहितं. असं करणारी मुलं जगभरच्या वर्गांत सापडतात. ती दिसली की लिहावी, त्यावर बोलावं. पण लिहिलं की उद्या खुलासा मागतील, ही धास्ती असते. मग शिक्षक सुविचार टाकतो. सुविचारावर कुणी खुलासा मागत नाही.

ही भीती फक्त आपल्याकडची नाही. मार्थाच्या ताटाला प्रशासन घाबरलं. फ्रेने यांच्या शाळेतल्या मुलांच्या मजकुरावरून १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला गावात रण पेटलं, आणि अखेर त्यांनी सरकारी शाळा सोडून स्वतःची शाळा काढली. शाळेतली खरी गोष्ट बाहेर आली की कुणाला तरी ती टोचते. म्हणून 'शिक्षकांनो, लिहा' असा नुसता उपदेश करून आम्ही मोकळे होणार नाही. लिहिणाऱ्याच्या मागे कोण उभं राहणार, हे आधी ठरायला हवं.

कुणी म्हणेल, हे बोलणं आता व्हॉट्सअॅपच्या गटांवर होतंच की. होतं, मान्य. पण सकाळच्या 'शुभ सकाळ'खाली दुपारचा प्रश्न गाडला जातो. तीन महिन्यांनी तो शोधायचा म्हटला तर सापडत नाही, आणि गटाबाहेरच्या नव्या शिक्षकाला तो कधीच दिसत नाही. ओट्यावरच्या गप्पा हव्यातच, पण त्यांनी वहीचं काम होत नाही. आणि तयार वाक्यंच हवी असतील तर आता यंत्र मिनिटात हजार वाक्यं करून देतं. म्हणजे कोठार म्हणून तरी ब्लॉगची गरज संपत आली आहे. यंत्राला न जमणारी एकच गोष्ट उरते : तुमच्या वर्गातल्या तिसऱ्या बाकावरच्या मुलाकडे बघणं.

मग करायचं काय?

चार गोष्टी सुचवतो. खर्च काहीच नाही.

एक. आठवड्याला एकच नोंद. एक मूल, एक प्रसंग, एक प्रश्न. दीडशे-दोनशे शब्द पुरेत. मत शेवटी, आधी काय दिसलं ते. मूल काय म्हणालं ते त्याच्याच बोलीत लिहावं, प्रमाण मराठीत सुधारून नव्हे. विचार करण्याची त्याची रीत त्या बोलीतच असते.

दोन. तीन महिन्यांनी त्या नोंदीकडे परत जायचं आणि खाली दोन ओळी लिहायच्या. काय बदललं? काय केल्यानं बदललं? की काहीच न करता बदललं? हा शेवटचा प्रश्न प्रामाणिक माणसालाच सुचतो.

तीन. प्रतिसादात 'खूप छान सर' लिहायचं थांबवायचं. त्याऐवजी 'आमच्याकडे असं होतं' किंवा 'आमच्याकडे असं होत नाही'. महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होते. तिथली पहिली पंधरा मिनिटं अशा एका नोंदीच्या वाचनाला द्यावीत. परिपत्रकं नंतर वाचता येतात.

चार, आणि हे अधिकाऱ्यांसाठी. वर्गाबद्दलची प्रामाणिक नोंद शिक्षकाविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाणार नाही, असं लेखी द्यावं. ४२० चौकोनांऐवजी सत्रात मुलामागे दोन खऱ्या नोंदी मागाव्यात. ३० मुलांच्या वर्षभरात १२० होतील. त्या वाचून बघाव्यात, आणि त्यातल्या एखाद्या मुलाला जाऊन भेटावं.

यानं कोठारं बंद होणार नाहीत, व्हायलाही नकोत. परिपत्रकाची फाइल जिथे सापडते तिथे सापडू द्या. फक्त तिला ब्लॉग म्हणू नका, आणि ती चालवणं म्हणजे शिक्षकाचं शिकणं असं तर मुळीच समजू नका.

मंडळी, सातत्यपूर्ण मूल्यमापनाचा विचार मुलाच्या बाजूचा होता. एका दिवसाच्या परीक्षेनं मुलाला मोजू नका, त्याच्याकडे बघा, असं तो सांगत होता. आपण त्या बघण्याची यादी केली आणि वाटून टाकली. यात मुलाचं नुकसान झालंच, पण शिक्षकाचंही झालं. बघणं हे त्याचं कसब, तेच त्याच्या हातून निसटलं. ते परत मिळवायला ब्लॉगसारखं साधं, फुकट साधन हाताशी आहे. उद्या वर्गात जाल तेव्हा एका मुलाकडे पाच मिनिटं बघा. काय दिसलं ते तारीख घालून लिहा. त्याच्यावर दुसऱ्या गावच्या शिक्षकाचा एक प्रश्न आला, तरी काम सुरू झालं असं समजा.

आम्ही इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ. असहमतीचे आधी.